पाणीगेटपर्यंत

मामीला अजून वाटतं मी डॉक्टर होतेय.
नाही मामी.
मग नर्स?
नाही.
मग त्या मोठ्या दवाखान्यात जाऊन करतेस काय?
बोलायला शिकवते, मी म्हणते.
मामी हसते : आपल्या घरात तुला कोणी बोलू दिलंय कधी!

फी इतकी कमी की खिडकीतला माणूस
पावती दोनदा तपासतो.
वर्गात आम्ही सोळा जण आणि मेंदूचं एक मॉडेल,
डावा अर्धा भाग कधीचा हरवलेला.
नेमका डावा, जिथे भाषा राहते
असं पुस्तक म्हणतं.
सर तळहात पुढे करतात : समजा, हा.
तीन वर्षं आम्ही सरांच्या तळहातावर
भाषेचा पत्ता शोधतोय.

खोली नऊ, तळमजला, एक्स-रेच्या रांगेला लागून.
तिथे इंगळेकाका आले.
सिटी बसवर एकतीस वर्षं कंडक्टर.
उजवा हात मांडीवर, दुसऱ्या कुणाचा सांभाळायला घेतल्यासारखा.
मंदाकिनीकाकू म्हणाल्या,
घरात मराठी, बाहेर गुजराती, शिव्या हिंदीत.
आता काही नाही.
मग हळूच : शिव्या तेवढ्या आहेत.

फॉर्मवर मातृभाषेला एकच चौकोन.
मी बारीक अक्षरात दोन बसवल्या.

कार्ड पहिलं, कंगवा.
काका माझ्याकडे बघतात
सुटे नसलेल्या माणसासारखे.
कार्ड अकरावं, पाण्याचा पेला.
ओठ जुळतात, प, प,
आणि आतून कुणी कडी घालतं.
शब्द त्यांना माहीत असतो.
एवढं कळायला मला एक वर्ष लागलं :
माहीत असतो.

वार म्हणून घे, सर म्हणाले, गाडी आपोआप सुरू होते.
सोमवारवर काका रडले.

मग एका दुपारी वीज गेलेली,
आवाज न येणाऱ्या केबिनचं दार सताड उघडं,
बाहेर रांगेतली पोरं किंचाळतायत,
मला काहीच सुचेना म्हणून मी म्हणाले,
स्टेशन...

काका खुर्चीत सरळ झाले.
डावा हात वर गेला, नसलेल्या दांडीकडे.
स्टेशन. काळाघोडा. कोठी.
(कोठीला माझा श्वास अडकला.)
रावपुरा.
न्यायमंदिर, न्यायमंदिरवाळा आगळ आवो!
मांडवी.
पाणी

मी हात आडवा घातला.
पेला पुढे सरकवला.
काका बघत राहिले. गाडी उभी, इंजिन चालू.
पाणी, ते म्हणाले.

काकू उठल्या
आणि तो पेला स्वतःच घटाघटा प्यायल्या.

सरांनी रिपोर्ट वाचला. हे आपोआप येणारं बोलणं,
ह्याला गुण नाहीत.
बरोबरच होतं. दुसऱ्या दिवसापासून काका
कंगव्याला पाणी म्हणाले, गोळीला पाणी,
वर्तमानपत्राला, काकूंना, मला.
नवव्या दिवशी मला पाणी म्हणून थांबले
आणि स्वतःच मान हलवली : नाही.
त्या 'नाही'साठी मी फॉर्मवर जागा शोधली.
नव्हती. समासात लिहिलं, तारखेसकट.

परवा मामीकडे निघाले.
कंडक्टरच्या गळ्यात मशीन, मशीनमधून तिकीट,
स्टॉपची नावं आता कोणी घेत नाही.
लोक खिडकीतून ओळखतात आणि उतरतात.
कोठी गेली. रावपुरा गेला.
शेजारच्या बाईने विचारलं, कुठं उतरणार?
मांडवीच्या पुढे, मी म्हणाले,
मांडवीच्या पुढे, ते...
माझे ओठ जुळलेले होते
आणि बाई वाट बघत होती.